चहा चाखणाऱ्याच्या ताटातली पूड

१

माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात घोटभर चहा होता आणि तो त्याला थुंकता आला नाही. सगळं तिथून सुरू झालं.

धाकटा चहा चाखतो. हसू नका, पोटापाण्याचं कामच आहे ते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असते, प्रत्येक कपात वेगळ्या मळ्याचा चहा. हा चमचाभर घेतो, सुर्रकन ओढतो, जिभेवर घोळवतो, पायाशी ठेवलेल्या पिंपात थुंकतो आणि सांगतो की हा माल घ्यायचा, हा परत पाठवायचा. त्याच्या एका शब्दावर गोदामं भरतात. त्या सकाळी त्यानं चमचा तोंडाला लावला, उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला, तोंड वाकडं झालं आणि कपांची अर्धी रांग घेऊन तो खाली कोसळला.

मला कंपनीतून फोन आला. मी विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढायचं काम करते. समोरचा माणूस थापा मारतोय हे मला त्यानं खुर्ची ओढली की कळतं, असं माझी साहेबमंडळी म्हणतात. पण हॉस्पिटलच्या जिन्यावर मी दोनदा चुकीच्या मजल्यावर शिरले, हे मी कबूल करते. आईवडील गेल्यावर त्याला मीच वाढवलंय.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि डाव्या बाजूला एक गोल डाग दाखवला. म्हणाल्या, हे तीन गोष्टींपैकी काहीही असू शकतं. गाठ असेल तर घाईनं डोकं उघडणं चूक. बाहेरून एखादं विष अंगात गेलं असेल, तर आधी ते उतरवायचं, भूल द्यायचीच नाही. आणि पू असेल तर तो आजच्या आज काढायला हवा, नाहीतर फुटून मेंदूभर पसरेल. पू असेल तर तो कुठून तरी आला असणार. कान, नाक, छाती, दात, कुठे काही दुखणं होतं का?

मी काही बोलायच्या आतच कंपनीचे मालक पुढे झाले. तोंडाची तर बातच सोडा, ते म्हणाले, चाखणाऱ्यांचं तोंड कंपनी दरवर्षी तपासून घेते, ह्याचं तोंड ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वतःही टॉर्च मारून पाहिलं होतं. सूज नाही, काही नाही. तापसुद्धा नावापुरता.

"मग मला कुणीतरी सांगा, हा माणूस महिनाभर काय करत होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोला विचारायचं, तर तिला पोलीस घेऊन गेलेत."

ते मला तेव्हा कळलं.

२

माझी भावजय इतकी बारीक आणि इतकं कमी बोलणारी आहे की आम्ही तिला चिमणी म्हणतो. माझं तिच्याशी कधी फारसं जमलं नाही. भांडण म्हणाल तर एकही झालं नाही, आणि तेच मला खुपायचं. भांडायलासुद्धा दोन शब्द लागतात.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर साहेबांनी मला चहा मागवला. मी नको म्हटलं. त्यांनी त्यांच्याकडचा माल एकेक करून टेबलावर मांडला. धाकटा महिन्याभरापूर्वी कंपनीत सांगत होता, की घरचं जेवण कडू लागतं, तोंडात लोखंड चघळल्यासारखं वाटतं. मग चिमणी अचानक माहेरी निघून गेली. ती गेली आणि त्याची चव ताळ्यावर आली. काल ती परत आली आणि आज हा कोसळला. आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर, डब्यांच्या मागे सरकवलेला एक छोटा खल सापडला. त्याच्या तळाला पांढरी पूड चिकटलेली होती. हवालदारानं बोट लावून जिभेला लावली आणि तो अर्धा तास चुळा भरत होता.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

काहीच म्हणत नाही, साहेब म्हणाले. जेवणात काय घातलं विचारलं की खाली बघते. मूग गिळून बसलीय. निरपराध माणूस आरडाओरडा करतो, हो ना बाई? तुमच्याही धंद्यात हेच असणार.

खरं होतं ते. माझ्या धंद्यात हेच असतं. मी स्वतः अशा गप्प बसणाऱ्या किती जणांचे दावे फेटाळलेत. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनानं तिला दोषी ठरवून टाकलं होतं. नणंदेचं मन, त्याला काय वेळ लागतो.

पण एक गोष्ट मला टोचत होती. धाकटा पडला आणि दोन तासांत पोलीस तिच्या दारात? कुणी सांगितलं यांना? त्या कंपनीतल्या लोकांनी आपल्या कपावरचं बालंट घरावर ढकललं असेल, असं मी स्पष्टच बोलून दाखवलं. कोण तक्रारदार, मला नाव हवं होतं.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा पडला होता.

"तुमचे बंधू स्वतः आले होते," ते म्हणाले. "तीन-एक आठवडे झाले. माझी बायको माझ्या ताटात काहीतरी घालते, म्हणाले. लेखी द्या म्हटलं तर नको म्हणाले. मला काही झालं तर तुमच्या लक्षात असू द्या, एवढंच. मी नवरा-बायकोची कुरबुर समजून सोडून दिलं हो. आज हॉस्पिटलातून खबर आली, तेव्हा आठवलं."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी उठले.

३

डोक्यात भुंगा घेऊन मी कंपनीत गेले. विश्वास कुणावर ठेवायचा? भाऊ खोटं बोलणार नाही आणि चिमणी मुंगीसुद्धा मारणार नाही. दोन्ही खरं कसं असेल?

चाखायची खोली पांढरीधोप होती, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांची. तिथे अत्तर लावलेला माणूस आत जाऊ शकत नाही. मला दारात उभं करून हात धुवायला लावले. टेबल पुसून लख्ख झालं होतं आणि कप धुऊन उपडे घातलेले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस मरणाच्या दारात, आणि यांनी पुरावा धुऊन टाकला?

कप धुतले होते दुय्यमानं. म्हणजे धाकट्याच्या हाताखालचा चाखणारा. धाकटा गेला की हा त्याच्या खुर्चीवर बसणार. उंच, खांदे पाडून चालणारा माणूस. माझ्याशी बोलताना तो नजर चुकवत होता. मालकांनीच सांगितलं धुवायला, म्हणाला, दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, मी सांगितलं, त्यात काय, कप रोज धुतात. वर ऐकवलं की हंगाम ऐन भरात आहे. या दिवसांत चाखणाऱ्याच्या तोंडाला जरा काही झालं, औषध लागलं, तरी त्यानं टेबलावर बसायचं नाही, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. औषधानं जीभ खोटं बोलते. आणि एकदा खुर्ची दुसऱ्याला दिली की हंगाम संपेपर्यंत ती दुसऱ्याचीच.

मी दुय्यमाला गोदामात एकट्याला गाठलं. धाकटा महिनाभर कसा वागत होता, ते सगळं मला त्याच्या तोंडून हवं होतं.

सुरुवातीला साहेबांचा सुरका बिघडला, तो म्हणाला. साहेब म्हणजे माझा भाऊ, आणि सुरका म्हणजे तो सुर्र आवाज. आम्हाला एकमेकांचा सुरका न बघता ओळखता येतो. साहेब मान तिरकी करून ओढायला लागले, आणि कप अगदी गार होईपर्यंत थांबायचे. शिवाय थर्मासमध्ये बर्फाचं पाणी आणायचे. आमच्यात बर्फ म्हणजे पाप, जीभ बधिर होते. पण साहेबांना कोण बोलणार? मग लोखंडाची चव लागते म्हणायला लागले. ती थांबली, मध्ये थोडे दिवस बरे गेले, आणि पुन्हा लागायला लागली. या खेपेला म्हणाले, घरचं जेवणच कडू आहे, ही चव वेगळीच आहे. वहिनी माहेरी गेल्या आणि ते थांबलं. त्यानंतर हळूहळू बर्फ बंद झाला, मान सरळ झाली, सुरका पहिल्यासारखा झाला.

"म्हणजे बरा झाला?"

"एकदम. खूश होते. फक्त डोकं दुखायचं, त्याच्या गोळ्या खायचे. आणि गेल्या आठवड्यापासून शब्द विसरायला लागले. चमचा म्हणायचं तर खिडकी म्हणायचे."

मी म्हटलं, एवढं सगळं दिसत होतं तर मालकांना का नाही सांगितलं? तो रडवेला झाला. मग जे बोलला त्यानं मी चक्रावलेच. चव बिघडली होती त्या दिवसांत धाकट्यानं चांगला माल परत पाठवायला काढला होता आणि कुबट माल पास केला होता. ह्यानं सगळे गेल्यावर पुन्हा चाखून डबे गुपचूप बदलून ठेवले. खुर्चीवर टपून बसलेला माणूस खुर्चीवाल्याच्या चुका झाकत होता.

"त्यांनीच मला शिकवलंय सगळं," तो म्हणाला. "त्यांची खुर्ची मला अशी नको होती."

झालं. एक संशयित होता, तोही देवमाणूस निघाला. विषही खरं वाटत होतं आणि विष देणारा कुणीच सापडत नव्हता.

४

किल्ली माझ्याकडे होती. मी धाकट्याच्या घरी गेले. पोलिसांनी स्वयंपाकघर उलथंपालथं केलं होतं. फ्रीज मात्र कुणी नीट बघितला नव्हता. वरच्या कप्प्यात बर्फाचे ट्रे एकावर एक रचलेले. दोन माणसांच्या घरात एवढा बर्फ? चिमणीला गार सोसत नाही, ती उन्हाळ्यातसुद्धा कोमट पाणी पिते. म्हणजे बर्फ धाकट्याचा.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. काही सुधरत नव्हतं. म्हटलं, दावा तपासतेस तसं तपास. भाऊ नाही, भावजय नाही. एक चाखणारा आहे आणि त्याच्या ताटात कडू पूड आहे.

चहाची पेटी साबणाच्या खोक्याशेजारी दोन दिवस राहिली, तर तेवढंही हा माणूस एका घोटात सांगतो. लग्नानंतर चिमणीनं एकदा मीठ बदललं तर ह्यानं पहिल्याच घासाला ओळखलं होतं. असल्या माणसाला विष घालायचं तर बाई काय घालेल? ज्याला चव नाही असं काहीतरी. आणि ताटात तर मुळीच घालणार नाही. ही घालते काय, तर हवालदाराला अर्धा तास चुळा भरायला लावणारी पूड. आणि एकदाच नाही, रोज. म्हणजे त्याला चव कळेल याची तिला भीती होती, पण त्याहून मोठी भीती दुसरी कसली तरी होती. काही झालं तरी ते त्याच्या पोटात जायलाच हवं होतं.

असं कोण करतं? प्रत्येक आई करते. मी धाकट्याला केलंय. मधात, गुळात, दुधात, कशातही कालवून.

औषध. ती त्याला औषध देत होती, आणि तो घेत नव्हता. का घेत नव्हता? कारण औषधानं जीभ खोटं बोलते, आणि खुर्ची जाते.

मग दुखणं कसलं? गरम सोसत नव्हतं, बर्फानं बरं वाटत होतं. मान तिरकी, म्हणजे एकाच बाजूनं पिणं. मी स्वतः एकदा अशीच आठ दिवस तिरकी मान करून जेवले होते. दात. दुसरं काही असूच शकत नाही.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले. आणि लगेच सगळा डोलारा कोसळला. दुय्यम तर म्हणाला, बर्फ बंद झाला, मान सरळ झाली, माणूस खूश होता. औषध बंद केल्यावर! दात दुखायचाच थांबला असेल, तर त्या दातानं आज हा मरायला कसा टेकेल? शिवाय मालकांचं ते ठणठणीत तोंड, आणि डॉक्टरीणबाईंचा टॉर्च. आणि साधी दातदुखीची गोळी दिली असेल, तर चिमणी पोलिसांना तसं सांगत का नाही? आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याला दुसरा झटका आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाच्या तपासणीचा अहवाल यायला वेळ आहे, आणि तुमच्या भावाकडे तेवढा वेळ नाही.

५

पोलीस ठाण्यातल्या मागच्या खोलीत चिमणी बाकावर बसली होती. पुढ्यातल्या पाण्याला ती शिवलीही नव्हती. साहेबांनी मला आत सोडलं आणि दारात उभे राहिले. त्या प्रकरणात त्यांचा जीवही टांगणीला लागला होता, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

मी तिच्यावर ओरडणार होते. ओरडता आलं नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि एकच विचारलं, "कुठली दाढ?"

तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत आधी भीती आली आणि मग पाणी.

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"मला कुणी काही सांगत नाही. कुठली?"

वरची, मागची, टोपी बसवलेली, ती म्हणाली. टोपीच्या आत मुळाशी किडलीय, काढून टाका, असं दातांच्या डॉक्टरनी सांगितलं होतं. घरापासून लांबचा डॉक्टर शोधला होता, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. हंगाम होईपर्यंत काढणार नाही, असं ते डॉक्टरांना म्हणाले. मग निदान गोळ्या तरी पूर्ण घ्या, असं बजावून डॉक्टरनी गोळ्या दिल्या. दोन दिवस घेतल्या आणि तोंडाला लोखंडाची चव यायला लागली. बंद केल्या. मी हातापाया पडले. पण ते म्हणाले, जीभ गेली तर मी कोण? आणि मला शपथ घातली की दाढेचं कुणाजवळ बोलायचं नाही.

"मग तू कुटून जेवणात घातल्यास."

"पहिल्या दिवशी अर्धं ताट टाकलं त्यांनी. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घातल्या. मग आणखी." ती बोटांवर मोजत होती. "सगळ्या जास्त झाल्या, ताई. डोक्यात चढल्या त्यांच्या. मीच मारलं त्यांना."

म्हणून ती गप्प होती. ती पोलिसांना फसवत नव्हती. आपण नवऱ्याला मारलं, असं तिनं खरोखरच ठरवून टाकलं होतं, आणि त्यातही दाढेची शपथ पाळत बसली होती. मला तिचा राग आला आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काय करावं ते मला कळेना.

पण एक प्रश्न उरलाच होता. धाकट्यानं तिला पकडलं, तेव्हा तिनं गोळीच आहे असं सरळ सांगितलं का नाही?

"सांगितलं," ती म्हणाली. "उरलेल्या गोळ्या समोर ठेवल्या. ते म्हणाले, गोळी मी गिळून पाहिलीय, तिची चव मला पाठ आहे, ही ती नाही. माझी जीभ मला फसवत नाही, तू फसवतेस."

मी डोळे मिटले. गिळलेली गोळी आणि कुटलेली गोळी. गिळली तर मागाहून तोंडाला लोखंड येतं. कुटली तर आतला सगळा कडवटपणा घासालाच भेटतो. दुसऱ्या कुणाला हा फरक कळला नसता, आणि कडू म्हणजे कडू म्हणून तो भांडून मोकळा झाला असता. माझ्या भावाला फरक कळला. जगातली सगळ्यात शहाणी जीभ त्याच्या तोंडात होती, आणि त्यानं बायकोपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवला. चिमणी त्याच दिवशी माहेरी गेली. परवा फोनवर तो चमचा, खिडकी असलं काहीतरी बरळला, म्हणून घाबरून काल परतली.

"साहेब," मी उठले. "हिला घेऊन जातेय. अडवायचं असेल तर हॉस्पिटलमध्ये येऊन अडवा."

त्यांनी अडवलं नाही. उलट गाडी स्वतः चालवली.

६

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि लगेच दाढेचा फोटो काढायला सांगितला. टोपी वरून चकाचक होती. मुळाशी मात्र हाड पोखरून पुवाची पिशवी झाली होती.

मी विचारलं, पण दुखायचं तर थांबलं होतं ना?

दाढेतली नस मेली म्हणून थांबलं, त्या म्हणाल्या. ओरडणारा मेला, म्हणून घरातली आग विझत नाही. जंतू मुळातून रक्तात शिरले आणि रक्तातून मेंदूत जाऊन बसले. डोकेदुखीच्या गोळ्यांनी तापही झाकला. क्वचित होतं, पण होतं. आणि गोळ्या जास्त झाल्या म्हणून हे मुळीच झालेलं नाही, हे त्यांनी चिमणीकडे बघून दोनदा सांगितलं. डाग गाठीचा नव्हता, विषाचा नव्हता. त्याच संध्याकाळी कवटीला भोक पाडून पू काढला, आणि दाढही उपटली. दोन्हीकडे जंतू एकच निघाले. खलातली पूड गोळ्यांचीच होती, हे पोलिसांना सावकाश कळलं.

धाकटा जगला.

शुद्धीवर आल्यावर पुष्कळ दिवस त्याला शब्द सापडत नव्हते. मला आई म्हणायचा, नर्सला ताई म्हणायचा. चिमणी दाराबाहेरच्या बाकावर बसायची. जेवण, कपडे, औषधं, सगळं आणून द्यायची, आत मात्र पाऊल टाकायची नाही. मी आधी मनधरणी केली, मग चिडले, मग नाद सोडला.

एके दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. मी शेजारीच होते. तिनं विचारलं, ते जे माझ्याविषयी बोलले, पोलिसांत गेले, ते आजाराचं बोलणं होतं का? पू तेव्हाच डोक्यात पोचला होता का?

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "असेलही. नसेलही."

खरंच कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, चांगलंच आहे. धाकट्यानं फक्त म्हणायचं, मी आजारी होतो, मला आठवत नाही. संसार सावरायला तेवढं पुरेसं होतं. शब्द परत आल्यावर मी त्याला एकट्यात गाठून सगळी हकीकत सांगितली, आणि काय बोलायचं तेही पढवलं. अगदी सरळ सांगते, मी त्याला खोटं बोलायला शिकवलं, आणि मला त्याची लाज नाही. तो ऐकत राहिला. मान हलवली.

मग मी चिमणीला हाताला धरून आत आणलं.

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. औषधाची वेळ होती. तिच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला होता, तो मीच दिला होता. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"मी तुम्हाला मारतेय, असं तुम्हाला वाटलं. तेव्हा तुम्ही आजारी होता का?"

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी हो म्हण, हो म्हण, असं करत होते. त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "डोकं नंतर दुखायला लागलं. तेव्हा मी... ठीक होतो."

इतकी वर्षं लोकांची थाप ओळखून मी पोट भरलं, आणि ज्या दिवशी एक थाप हवी होती त्या दिवशी माझ्याच भावाला खरं बोलायची बुद्धी झाली. तो रडत होता. उजव्या हातानं डोळे पुसायला गेला, तर हात वर येईना.

चिमणीनं हातातल्या पेल्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पेला ठेवेल आणि जाईल, आणि तिनं गेलंच पाहिजे असंही वाटलं.

मग तिनं पायानं स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसली.

"गोळी आहे," ती त्याला म्हणाली. "आ करा."